पितळी हंडा प्लास्टिकचा दिसतोय: ब्लेंडरमधला उजेड, पोत आणि प्रतिबिंबं

केळीबाग
नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातला. दिवसा केळीचं काम आणि रात्री ब्लेंडर (थ्रीडी चित्रं करायचं मोफत सॉफ्टवेअर), असं दोन वर्षं चाललंय. सध्या एक बारा सेकंदांचा शॉट करतोय. आमचं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) जुनं घर पाडून तिथे स्लॅबचं बांधायचं ठरलंय. त्याआधी आजीच्या स्वयंपाकघराचा कोपरा मला जसाच्या तसा उभा करायचाय. डावीकडे चूल, कोपऱ्यात पाण्याचा पितळी हंडा, त्यावर तांब्या, वर धाब्यातल्या झरोक्यातून पडणारा कवडसा. बारा सेकंदांत कवडसा जमिनीवरून सरकत हंड्यावर चढतो, एवढंच.

मापं सगळी टेपनं घेतलीत. तरी रेंडर (तयार झालेलं चित्र) बघितलं की घर आपलं वाटत नाही. हंडा प्लास्टिकला सोनेरी रंग दिल्यासारखा दिसतो. भिंत ऑइलपेंट मारल्यासारखी चमकते. कवडशाच्या कडा इतक्या पसरतात की तो ऊन वाटतच नाही. जमीन सारवलेली न वाटता टाइल बसवलेली वाटते.

ब्लेंडर ४.२, सायकल्स (उजेडाचा प्रवास मोजून चित्र काढायची त्यातली पद्धत). एक सन लाइट, अँगल १० अंश. चुलीपाशी एक पॉइंट लाइट. वर्ल्ड (सीनभोवतीची पार्श्वभूमी) जसं येतं तसंच करडं ठेवलंय. हंड्याला मेटॅलिक (धातूपणा) ०.६, रफनेस (खरबरीतपणा) ०.३. सॅम्पल (दर पिक्सेलला उजेडाचे किती नमुने घ्यायचे) १२८, डिनॉइज (चित्रातले दाणे पुसणं) चालू. व्ह्यू ट्रान्सफॉर्म (उजेडाचे आकडे पडद्याच्या रंगांत बसवायची पद्धत) स्टँडर्ड, कारण एजीएक्समध्ये रंग फिके वाटले.

भुसावळ_जंक्शन
रेंडर मोठे करून बघितले. आधी भिंतीचं सांगते, ते दोन मिनिटांचं काम आहे. रफनेस मॅपच्या इमेज नोडमध्ये कलर स्पेस एसआरजीबी राहिलंय का बघा. मला जवळजवळ खात्री आहे की राहिलंय. रफनेसचा मॅप म्हणजे रंग नव्हे, नुसते आकडे. एसआरजीबी ठेवलं की ब्लेंडर त्या आकड्यांना रंग समजून बदलतो आणि ०.५ चे ०.२१ च्या आसपास होतात. म्हणजे मातीची भिंत गुळगुळीत झाली. नॉन-कलर करा. नॉर्मल मॅपलाही (उंचसखलपणा भासवणाऱ्या चित्रालाही) नॉन-कलरच हवं. तिथे खड्डे फुगवट्यांसारखे दिसत असतील तर मॅप डायरेक्टएक्स पद्धतीचा आहे, हिरवा चॅनल उलटा करा. ब्लेंडर ओपनजीएल पद्धत मानतो.

मेटॅलिक ०.६ काढून टाका. पृष्ठभाग धातूचा असतो किंवा नसतो, त्यामुळे तिथे १ किंवा ०. मधले आकडे येतात ते फक्त मास्कच्या (कुठे काय लागू होणार ते ठरवणाऱ्या चित्राच्या) कडेला, जिथे पितळेवर धूळ किंवा काजळी चढत जाते तिथे. काजळीचा भाग पूर्ण ० हवा, रंग जवळजवळ काळा (०.०४ पेक्षा फार खाली नको) आणि रफनेस ०.९ च्या वर.

आता कवडसा. आकाशातला सूर्य आपल्याला साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो. तुमचा झरोका जमिनीपासून नऊ फूट वर असेल तर खऱ्या कवडशाची कड इंचभर मऊ होते. १० अंशांना तीच कड दीड फूट पसरते. सन पोझिशन नावाचं अ‍ॅड-ऑन आहे, त्यात अक्षांश २१.२, रेखांश ७५.७ आणि वेळेचा फरक ५.५ टाका. सूर्य तासाला १५ अंश फिरतो, त्यामुळे बारा सेकंदांत किती वेळ गेलेला दाखवायचाय ते आधी ठरवा.

अहिराणी_मानूस
भाऊ, एक नंबर शे! मनी मायनं घर याद उनं.

पांझराकाठ
मी धुळ्यात फोटो स्टुडिओ चालवतो, तीस वर्षं होत आली. ब्लेंडर मला फारसं येत नाही, मुलगा करतो. पण पितळेचं बोलू शकतो, कारण भांड्यांचे आणि दागिन्यांचे फोटो पुष्कळ काढलेत.

केळीबाग, तुमच्या हंड्यात खोट नाही. हंड्याभोवती घरच नाही. चकचकीत धातूला स्वतःचं रूप फार थोडं असतं. तो समोरचं दाखवतो आणि त्यावर आपल्या रंगाची झाक टाकतो. तुमच्या खोलीला दोनच भिंती आहेत. कॅमेऱ्यामागे काय आहे? करडं शून्य. मग हंडा तरी काय दाखवणार? तो बिचारा करडं शून्य पिवळं करून दाखवतोय, म्हणून प्लास्टिक वाटतो.

स्टुडिओत पितळेचा फोटो काढताना आम्ही भांड्यावर लाइट मारत नाही. भांड्याला दिसणाऱ्या पांढऱ्या कापडावर मारतो. मग भांड्याच्या दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या बाहेर, काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या करतो. त्या पट्ट्या भांड्याच्या कडेला काळी रेघ होऊन उमटतात आणि गोलाई तेव्हा कळते. नुसता पांढरा उजेड चहूकडून दिला तर सोन्याचा हारसुद्धा पिवळ्या कागदाचा दिसतो. जळगावच्या सराफ बाजारात गेलात तर बघा, दागिना मखमलीवर ठेवतात आणि दिवे लहान, पुष्कळ, वरून लावतात. प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका सोन्यात यावा म्हणून.

घर अजून उभं आहे ना? मग एक काम करा. सकाळी दहाच्या सुमारास हंड्यासमोर बसा, कॅमेरा जिथे ठेवलाय तिथेच. फोटो काढू नका. वही घ्या आणि हंड्याच्या पोटात काय काय दिसतं ते वरून खाली लिहा.

सातमाळा
पांझराकाठ यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी चाळीसगावचा, त्यामुळे इथे केकी मूस यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. १९१२ चा जन्म, १९८९ ला गेले, आणि आयुष्याची कितीतरी वर्षं त्यांनी आमच्या गावातल्या त्या एका घरात काढली. घराचं नाव रेम्ब्रांट्स रिट्रीट. त्यांची टेबल-टॉप फोटोग्राफी ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी मुद्दाम येऊन पाहावी, घराचं आता संग्रहालय झालंय. टेबलावर साध्या वस्तू मांडायच्या, उजेड वळवायचा, सावली अडवायची आणि बघणाऱ्याला मोठं निसर्गदृश्य दिसायचं. आपण थ्रीडीत जे करतो ते हेच आहे, आणि ते माणसानं खानदेशात बसून, संगणक नसताना केलं. मी तिथे तिसऱ्यांदा गेलो तेव्हा चित्रांचे विषय बघणं सोडून दिलं आणि प्रत्येक फोटोत उजेड कुठून येतोय एवढंच बघत फिरलो. त्या दिवसानंतर माझ्या सीनमधले लाइट सातवरून दोनवर आले.

केळीबाग
आज सकाळी बसलो. पाऊण तास. लिहिलेलं तसंच देतो.

वर, हंड्याच्या गळ्याखाली: सागाच्या कड्या (धाब्याखालची लाकडं), वाकलेल्या, जवळजवळ काळ्या. त्यात एक पांढरा ठिपका, तो झरोका.
मध्ये उजवीकडे: दार. उभा, चिंचोळा, निळसर पांढरा पट्टा. सगळ्यात ठळक तोच. दारात कडुनिंबाची हिरवट हालचाल.
मध्ये डावीकडे: चुना दिलेली भिंत. ती पांढरी दिसत नाही, पितळेत लोण्यासारखी दिसते.
खाली: जमीन, तपकिरी, आणि ती खूप वरपर्यंत चढलेली. हंड्याच्या पोटाचा खालचा अर्धा भाग म्हणजे जमीनच.
अगदी मध्यभागी: मी. बारीक, काळा.
आणि आजी मागे तांदूळ निवडत बसली होती, तिच्या लुगड्याचा लाल डाग. ती हलली की डाग ताणला जायचा.

दुसरं म्हणजे, हंडा सगळीकडे सारखा चमकत नाही. गळ्यापाशी जिथे हात धरतात तिथे लख्ख. पोटावर ठोक्यांचे बारीक खळगे आहेत, त्यामुळे दाराचा पट्टा तिथे थरथरल्यासारखा तुटतो. बुडाकडे पाणी ओघळून वाळल्याचे पांढरे माग. आजी चिंच आणि राखेनं घासते, त्याचे ओरखडे गोल गोल, हंड्याभोवती आडवे फिरलेले. हे सगळं मी आयुष्यभर बघत आलोय आणि माझ्या मटेरियलमध्ये यातलं काहीही नव्हतं.

पांझराकाठ
आता तुम्हाला हंडा दिसला.

भुसावळ_जंक्शन
ही यादी म्हणजे तुमचा शेडर (मटेरियलची मांडणी) आणि लाइट सेटअप दोन्ही आहे. क्रम असा ठेवा.

आधी राहिलेल्या दोन भिंती, धाबं आणि अंगण उभं करा. कॅमेऱ्याला दिसणार नसेल तिथे तपशील नको. कड्या म्हणजे साधे ठोकळे, कडुनिंब म्हणजे पानांचे चपटे तुकडे चालतील. आजीसाठी लाल रंगाचा बसलेल्या माणसाएवढा आकार, तोही पुरे. अंगणाबाहेर आकाशासाठी एचडीआरआय (चहूबाजूंचा खरा उजेड टिपलेला फोटो) लावा. पॉली हेवन या साइटवर मोफत आणि सीसीझीरो परवान्याचे (कुणालाही कसेही वापरता येणारे) मिळतात. फक्त त्यात युरोपातलं हिरवं कुरण नको, कोरडं, निरभ्र आकाश निवडा, आणि त्याच्यातला सूर्य तुमच्या सन लाइटशी भांडणार नाही असं फिरवा.

ठोक्यांसाठी व्होरोनॉइ टेक्श्चर (पेशींसारखी नक्षी) बंपमध्ये (खळगे भासवणाऱ्या नोडमध्ये) द्या, स्ट्रेंग्थ अगदी कमी. घासल्याच्या आडव्या ओरखड्यांसाठी अ‍ॅनिसोट्रॉपिक (चमक एका दिशेला ताणणारा आकडा) ०.३ ते ०.५ आणि टँजंट (ती दिशा) हंड्याच्या उभ्या अक्षाभोवती. पाण्याच्या मागांचा मास्क रफनेसला द्या, बेस कलरला फार नको. बहुतेकांची इथे चूक होते. डाग म्हटलं की लोक रंग बदलतात, पण धातूवरचा डाग डोळ्याला आधी चमकेतून कळतो. रफनेस ०.१५ ते ०.४५ च्या मध्ये हलता ठेवा.

काठाला बेव्हल दिलाय का? दिसत नाहीये. खरी कड कधीच सुरीसारखी नसते. हंड्याच्या काठावर जी बारीक तेजाची रेघ असते ती त्या गोलाईमुळे येते.

आणि फाइलचं माप तपासा. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये हंड्याची उंची चार मीटर दिसतेय. खोली खऱ्या मापाची नसेल तर पॉइंट लाइटचे वॅट, धुराचा दाटपणा, सगळ्यांचे अंदाज चुकतात. टेपनं मापं घेतलीत ना, मग मीटरमध्येच भरा आणि स्केल अप्लाय करा.

एजीएक्सवर परत या. स्टँडर्डमध्ये कवडसा पडलेली जागा पिवळी जळते. भर उन्हात लाखभर लक्स (उजेडाचं माप) असतात आणि तुमच्या कोपऱ्यात शेदोनशे, एवढी दरी स्टँडर्डला सांभाळता येत नाही. रंग फिके वाटले तर लुक्समधून हाय कॉन्ट्रास्ट निवडा.

सातमाळा
जमिनीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. सारवणाचं टेक्श्चर नेटवरून घेतलं असेल तर ते चारी बाजूंनी सारखं जुळवलेलं असतं, म्हणूनच टाइल वाटते. सारवणारी बाई आतल्या कोपऱ्यातून सुरू करते आणि दाराकडे मागे सरकत येते. हाताचे फटकारे अर्धगोल, तिचा हात पुरेल तेवढे, एकावर एक चढलेले, सगळ्यांचा कल एका दिशेला. मी माझ्या एका सीनमध्ये तीन वेगवेगळ्या फटकाऱ्यांचे फोटो घेऊन ते त्याच क्रमानं, कोपऱ्यातून दाराकडे, एकेक करून मांडले होते. दीड दिवस गेला. पण बघणाऱ्या बायकांनी लगेच ओळखलं.

फोटो काढताना एक पथ्य पाळा. ढगाळ वेळी किंवा पूर्ण सावलीत, कॅमेरा जमिनीला समांतर, फ्लॅश नाही. उन्हात काढलेल्या फोटोत सावल्या आधीच भाजून बसतात. मग तुमचा सूर्य उजवीकडून आणि जमिनीतल्या खडबडीच्या सावल्या डावीकडून, असा घोळ होतो.

तोरणमाळ
मी शाळेत शिकवतो, शहाद्याकडे. माझ्याकडे जुना लॅपटॉप, सायकल्स परवडत नाही, सगळं ईव्हीत (ब्लेंडरच्या जलद रेंडर पद्धतीत) करतो. हा धागा वाचून मीही एक तांब्या करून बघितला. समोर लाल गोळा ठेवला, पण कॅमेऱ्यामागे नेला की तांब्यातून गायब. असं का?

भुसावळ_जंक्शन
तोरणमाळ सर, ईव्ही प्रतिबिंबासाठी पडद्यावर जे आधीच दिसतंय तेच वापरतो. ४.२ मध्ये रेट्रेसिंगचा पर्याय आलाय, पण तोही पडद्यावरच्या माहितीवरच चालतो. तांब्याभोवती स्फिअर लाइट प्रोब ठेवा. तो चारी दिशांचं चित्र टिपून ठेवतो आणि मग मागचा लाल गोळा दिसेल. प्रतिबिंब थोडं धूसर येईल. ठोक्याच्या भांड्यावर ते खपून जातं, आरशावर खपणार नाही.

केळीबाग
नवीन रेंडर टाकलंय. पाच रात्री लागल्या.

भिंतीचा प्रश्न खरंच दोन मिनिटांत सुटला, एसआरजीबीच राहिलं होतं, नॉन-कलर केलं. कवडसा आता कवडसा वाटतो. झरोक्याची जाळी बारीक केल्यावर जमिनीवर आपोआप गोल ठिपके पडायला लागले. मला आधी चूक वाटली, मग खऱ्या घरात जाऊन बघितलं तर तिथेही गोलच. भोक चौकोनी असलं तरी ठिपका सूर्याचा असतो.

चुलीचा पॉइंट लाइट काढून लहान एरिया लाइट ठेवला, ब्लॅकबॉडी (रंगाचं तापमान) १९०० केल्विन. आधी नुसती तीव्रता कमीजास्त करत होतो, ते दिवाळीच्या माळेसारखं वाटायचं. आता लाइट स्वतःच दोनतीन सेंटिमीटर इकडेतिकडे हलतो, त्यामुळे तांब्याची भिंतीवरची सावली थरथरते. फरक प्रचंड आहे.

आणि हंडा. आजी फ्रेममध्ये कुठेच नाही, पण हंड्यात तिचा लाल डाग आहे आणि दहाव्या सेकंदाला तो थोडा ताणला जातो. घरी दाखवलं. आजीला ब्लेंडर काय ते माहीत नाही. तिनं बघितलं आणि विचारलं, दारातला निंब एवढा बारीक का केला.

दोन अडचणी आहेत. पहिली, डिनॉइजनंतर सारवणाचे बारीक तंतू पुसले जातात आणि शॉट चालवला की जमीन उकळल्यासारखी हलते. दुसरी, एका फ्रेमला सहा मिनिटं लागतात. २८८ फ्रेम म्हणजे जवळजवळ २९ तास. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही आणि या दिवसांत पारा ४५ च्या आसपास असतो, दुपारी मशीन तापून बंदच पडतं.

पांझराकाठ
निंब मोठा करा.

भुसावळ_जंक्शन
उकळण्याचं कारण असं की १२८ सॅम्पलमध्ये दर फ्रेमला दाणे वेगळ्या जागी पडतात, आणि डिनॉइजर प्रत्येक फ्रेमला वेगळा अंदाज बांधतो. डिनॉइजरला अल्बेडो (पृष्ठभागाचा मूळ रंग) आणि नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) दोन्ही पास मिळतायत का बघा, त्यांच्यामुळे टेक्श्चर वाचतं. पण मूळ उपाय सॅम्पल वाढवण्याचाच. दाणे निम्मे करायचे तर सॅम्पल चौपट लागतात, म्हणजे ५१२. वेळ वाढेल, म्हणून दुसरीकडे वाचवू.

उजेड आत येण्याचे रस्ते दोनच, दार आणि झरोका. दाराच्या चौकटीएवढा एरिया लाइट ठेवून त्याला पोर्टल करा. सायकल्सला मग आकाशाचा उजेड कुठून येतो ते शोधत बसावं लागत नाही. कॉस्टिक्स (धातूवरून उसळून इतरत्र पडणारे उजेडाचे कवडसे) बंद ठेवा, इनडायरेक्ट क्लॅम्प (उसळलेल्या उजेडाची कमाल मर्यादा) १० वर असू द्या, पितळेवरून उडणारे पांढरे ठिपके त्यानं कमी होतील. डिफ्यूज बाउन्स (उजेड किती वेळा उसळतो ते) ४ च्या खाली आणू नका. कड्यांवर जो तपकिरी उजेड चढलाय तो जमिनीवरून उसळून आलेला आहे, बाउन्स कमी केले की पहिला तोच जाईल. आणि १०८० ऐवजी ७२० नं काढा. पिक्सेल निम्म्याहून कमी होतात आणि मोबाइलवर बघणाऱ्याला कळतही नाही.

लाइट जाण्यावर एकच उत्तर. व्हिडिओ फाइल काढू नका, पीएनजी फ्रेम काढा. ओव्हरराइट बंद ठेवा. लाइट गेली तर अर्धवट राहिलेली एक फ्रेम जाते, बाकी जागेवर असतात, पुन्हा सुरू केलं की तिथूनच पुढे. आउटपुटमधली शेवटची फाइल उघडून बघा, अर्धी लिहिलेली असेल तर ती पुसा.

तोरणमाळ
उन्हाळ्यात मी रात्री अकराला सुरू करून सकाळी सातला थांबवतो. मशीन फरशीवर, भिंतीपासून हातभर लांब. कूलरसमोर ठेवू नका, दमट हवा आत जाते. प्रोबचा उपाय लागू पडला, धन्यवाद ताई.

सातमाळा
केळीबाग, कवडशात धुळीचा पट्टा दाखवणार आहात का? पूर्ण खोलीला व्हॉल्यूम (धूर-धुळीसारखी दाट हवा) दिलात तर रेंडरचे तास आणखी वाढतील. कवडशाच्या वाटेवर फक्त एक तिरका लांबट ठोकळा ठेवून त्यालाच व्हॉल्यूम द्या, डेन्सिटी ०.०२ पासून सुरू करा. चूल पेटलेली असेल तर धूर वर, कड्यांपाशी जास्त हवा.

केळीबाग
ठोकळ्याचं करून बघतो. पुढचा शॉट केळीच्या बागेतला घ्यायचाय, पहाटेचं ऊन पानामागून येतंय असा. पानाला सबसरफेस (उजेड आत शिरून पसरणं) देऊ का?

भुसावळ_जंक्शन
पान एकपदरी असेल तर सबसरफेस नको. ट्रान्सलुसंट (उजेड आरपार झिरपू देणारा) शेडर मिक्स करा, आणि मागून येणाऱ्या उजेडाचा रंग पानाच्या रंगापेक्षा पिवळा ठेवा. वरची बाजू गुळगुळीत, ती आकाशाचा निळा पकडते. खालच्या बाजूला पांढरट भुकटीसारखा थर असतो, तिथे रफनेस जास्त. जॉमेट्री नोडमधल्या बॅकफेसिंगनं (समोरची बाजू की मागची ते सांगणाऱ्या पर्यायानं) दोन्ही बाजू वेगळ्या करता येतात. वाऱ्यानं पान फाटतं ते शिरांच्या रेषेत, कडेकडून मधल्या शिरेकडे. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

पांझराकाठ
घर कधी पाडताय?

केळीबाग
मिस्त्री सोमवारी येतोय. आधी कड्या उतरवणार.

पांझराकाठ
मग रविवारी अंगणापासून सगळे फोटो घेऊन ठेवा. दाराची चौकट, झरोका आतून आणि बाहेरून, कड्यांचे सांधे, चुलीमागची काजळी. प्रत्येक गोष्टीचा एक फोटो मोजपट्टी ठेवून आणि एक फोटो कोरा पांढरा कागद शेजारी ठेवून, म्हणजे पुढे रंग कधीही जुळवता येतील. आणि हंडा घासण्याआधीचा एक, घासल्यानंतरचा एक.

केळीबाग
घेतो. आजीला सांगितलंय, रविवारपर्यंत हंडा घासू नको.